आकडे बरोबर, उत्तर चूक

आपल्याच शाळेतून बारावी होऊन गेलेला एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीत भेटायला आला. इंजिनीयरिंगच्या पहिल्या वर्षाची उत्तरपत्रिका बरोबर होती. "बाई, बघा ना, ३.३८ अगदी बरोबर आलंय, तरी गुण कापले." मी पाहिले आणि मला हसूच आले. नेमकी हीच चूक मी १९९४ साली बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला केली होती. वर्गात मात्र ती आजवर कधी कबूल केली नाही.

प्रश्न साधाच होता. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा काढा. प्लँकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले तरंगलांबी. वर ६.६३ गुणिले दहाचा उणे ३४वा घात आणि ३ गुणिले दहाचा ८वा घात, खाली ५.८९ गुणिले दहाचा उणे ७वा घात. बाबांनी राजवाड्याजवळच्या दुकानातून आणलेला कोरा कॅल्क्युलेटर हातात होता. वहीत जसे लिहिले होते तशीच बटणे दाबत गेले. उत्तर आले ३.३८ गुणिले दहाचा उणे ३३वा घात. खरे उत्तर उणे १९वा घात, ज्यूलमध्ये. चौदा शून्यांचा फरक!

मुलांनो, यंत्र डावीकडून उजवीकडे जाते. 'भागिले ५.८९ गुणिले १०' असे दाबले की ते भागते फक्त ५.८९ने, आणि दहाच्या घाताने पुन्हा गुणते. खालची संख्या कंसात घालावी, नाहीतर 'एक्स्प'चे बटण वापरावे. नव्या यंत्रांवर तेथेच 'गुणिले दहा'चे चिन्ह छापलेले असते. ५.८९, एक्स्प, उणे ७ असे दाबले की यंत्र ती एकच संख्या धरते. पण 'गुणिले दहा' त्या बटणातच आलेले असते. पुष्कळ मुले त्याआधी पुन्हा 'गुणिले १०' दाबतात आणि संख्या दहापट होते. मोबाइलवर उत्तरात इंग्रजी 'ई' दिसतो, तोही काही जण तसाच उतरवतात. तेथे 'गुणिले दहाचा घात' असेच लिहायचे.

तो पेपर हातात पडला त्या दिवशी मी घरी रडतच आले होते. बाबा गिरणीत हिशेबनीस, पावकी-निमकी तोंडपाठ असलेले. ते रागावले नाहीत. एवढेच विचारले, "आधी अंदाज घेतला होतास?" मग घातांचे नियम माझ्याकडूनच समजून घेतले आणि वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने मांडले. उणे ३४ अधिक ८, उणे २६. त्यातून उणे ७ वजा, उणे १९. "आणि साडेसहा त्रिक वीसच धर, भागिले सहा, तीन आणि वर थोडं. मग हे तेहेतीस आलं कुठून?"

खरे तर बारावीपर्यंत मी हेच करत होते. लॉगच्या पुस्तकात दशांशचिन्हापुढचा भागच सापडतो, पूर्णांकाचा भाग आपला आपण ठरवावा लागतो. तेथे घाताकडे दुर्लक्ष करताच येत नाही. कॅल्क्युलेटर आला आणि मी ते काम त्याच्यावर सोडून मोकळी झाले. सीबीएसईच्या बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून पालक कधी कधी तक्रार करतात. मला ती तक्रार पटत नाही. मात्र कॉलेजात जाण्याआधी उन्हाळ्याच्या सुट्टीत या बटणांची ओळख कोणीतरी करून द्यायला हवी, हे आम्हा शिक्षकांचे राहून जाते.

त्या मुलाने उत्तरपत्रिकेच्या पाठीवर घात मांडले. दोन ओळींत उणे १९ आले. थोडा वेळ तो कागदाकडे बघत राहिला.

"म्हणजे तपासणाऱ्यांचं चुकलं नाही?"

"नाही."

"बाई, तुमचे किती गेले होते?"

"पाचातले पाच," मी म्हणाले आणि चहा टाकायला उठले.