उदयपूरचा मोटारखाना आणि अण्णांची जावा

उदयपूर पाहून आलेल्या मनुष्यास लोक पहिला प्रश्न विचारतात तो पिछोला तलावाचा, दुसरा सिटी पॅलेसचा. तिसरा प्रश्न बहुधा येतच नाही. तोवर विचारणाऱ्याने स्वतःच्याच प्रवासाची हकीकत सुरू केलेली असते. त्यामुळे गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही तेथील तीन दिवसांपैकी एक अख्खी दुपार जुन्या मोटारी पाहण्यात घालवली, हे सांगण्याची संधी इंदुरास परतल्यावर आम्हांस कोठेच मिळाली नाही. ती येथे घेतो.

इंदूरहून संध्याकाळी सुटणारी वीरभूमी एक्सप्रेस रतलाम, मंदसौर, नीमच, चित्तौडगड अशी रात्रभर माळवा व मेवाडची शीव ओलांडत भल्या पहाटे उदयपुरास पोचवते. होळकर-शिंद्यांच्या फौजा एके काळी खंडणीसाठी याच मुलखातून गेल्या. त्यांचे वंशज म्हणवणारे आपण आता शयनयानात दशम्या आणि लसणीची चटणी खात जातो, आणि मेवाडची मंडळी मोठ्या मनाने आपल्याला चहा विचारतात. थंडी मात्र इंदूरहून अधिक बोचरी होती. सौ.नी शालीची आठवण निघतानाच केली होती व ती आम्ही घेतली नव्हती; या विषयावर अधिक लिहीत नाही.

तलाव, राजवाडा व जगदीश मंदिर पहिल्या दोन दिवसांत झाले. तिसऱ्या दिवशी गुलाबबागेत शिरलो. बाग मोठी व जुनी, झाडी गर्द. आतला नवलखा महाल पाहिला. स्वामी दयानंदांचे वास्तव्य तेथे झाले होते. बाहेर पडून राजवाड्याच्या दिशेने चालू लागलो तोच रस्त्याकडेला गार्डन हॉटेलची पाटी दिसली व तिच्याखाली मोटारसंग्रहालयाची. सौ. म्हणाल्या, "अहो, मोटारी काय पाहायच्या? आपल्या घरासमोर काय कमी उभ्या असतात?" आमचेही मत फारसे निराळे नव्हते. परंतु पाय दुखत होते, आणि तेथे थाळी उत्तम मिळते असे रिक्षावाला सांगून गेला होता. आम्ही आत गेलो ते वस्तुतः जेवणासाठी.

ही जागा म्हणजे मेवाड संस्थानचा खरोखरीचा मोटारखाना. 2000 साली तो लोकांस खुला झाला. मधोमध मोकळे अंगण आणि त्याभोवती कमानीसारख्या वळणात बांधलेल्या खोल्या. पागेत घोडे बांधावेत तशी एकेका खणात एकेक मोटार तोंड बाहेर करून उभी. अंगणात शेल कंपनीचा जुना पेट्रोल पंपही आहे. वाहने सारी मिळून वीस-बावीस. संख्या ऐकून कोणी नाक मुरडील. पण जो संग्रह अर्ध्या तासात पाहून होतो तोच मनुष्य नीट पाहतो. शंभर वस्तूंच्या दालनात आमच्या विद्यार्थ्यांचे लक्ष शेवटी पाणपोईकडेच लागते, हा तीस वर्षांच्या सहलींचा अनुभव आहे.

बहुतेक प्रेक्षक 1934 सालच्या रोल्स-रॉइस फॅन्टम टू या गाडीपाशी गोळा होतात, कारण 1983 साली आलेल्या 'ऑक्टोपसी' नामक बाँडपटात ती झळकली. आम्ही तो चित्रपट पाहिलेला नाही. गाडी मात्र पाहण्याजोगी खरीच. तिचे सहा सिलिंडरांचे इंजिन साडेसात लिटरांहून मोठे. मनाशी गणित केले तेव्हा अण्णांच्या जावासारख्या तीस इंजिनांचे पोट या एका इंजिनात मावते असे निघाले. हे गणित का सुचले ते पुढे सांगतो. तिच्याच पंक्तीत 1961 साली इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ उदयपुरास आल्या असता त्यांना विमानतळावर नेणारी उघडी कॅडिलॅक आहे. सौ.ना मात्र 1938 सालची सात आसनांची कॅडिलॅक अधिक भावली, कारण तिच्यात राणीवशासाठी पडद्याची सोय आहे. अमेरिकेत घडलेली, त्या काळची अत्यंत आधुनिक मोटार. आणि तिच्या काचांआड पडदा. सौ. बराच वेळ तेथे थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे जग हिंडल्या, पण पाहिलं काही नाही." पलीकडे 1946 सालची एमजी टीसी उभी आहे, दोन माणसांपुरती, तारांच्या चाकांची, सडपातळ. एवढ्या अवाढव्य मंडळींत ती लग्नघरातील चुणचुणीत धाकट्या मेहुणीसारखी दिसत होती. खरे सांगायचे तर साऱ्या संग्रहात आमचे मन तिच्यावरच बसले.

इंदूरकरास येथे एक गोष्ट टोचल्यावाचून राहत नाही. मोटारींचा शौक आमच्या संस्थानातही काही कमी नव्हता. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पीकडून माणिकबाग बांधून घेतली, तिची कीर्ती युरोपात गेली. मोटारींच्या बाबतीतही त्यांची दृष्टी तीच. अमेरिकेतील ड्युसेनबर्ग कंपनीची एसजे ही मोटार, आठ सिलिंडरांची व कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे 320 अश्वशक्तीची, त्यांनी मागवली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून अंग चढवून घेतले. हिस्पानो-सुइझाच्या एका मोटारीवरही त्याच कारागिरांचा हात फिरला. जगभरचे दर्दी आज या गाड्यांची नावे घेताना 'होळकरांची' असेच म्हणतात. पण त्या पाहायला इंदुरात येऊन उपयोग नाही. ड्युसेनबर्ग केव्हाच सातासमुद्रापलीकडे गेली. 1971 साली घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले, त्याच्या आगेमागे अनेक संस्थानांच्या मोटारी मिळेल त्या किमतीस परदेशी गेल्या. पुढे सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीवर बंदी घातली तोवर पुष्कळ तबेले रिकामे झाले होते. माणिकबागेत केंद्रीय उत्पादन शुल्काचे कार्यालय आले. उदयपुराने आपला मोटारखाना राखला, आम्ही राखला नाही, एवढीच नोंद करतो. दोष कोणा एकाचा नव्हे.

संग्रहालयात एक वयस्क सेवक फडके घेऊन हिंडत होता. आम्ही त्यास विचारले, "या चालतात की नुसत्या उभ्या?" तो जरा दुखावल्यासारखा झाला. म्हणाला, "साहब, चलती हैं. खड़ी गाड़ी मर जाती है." मग सुटे भाग कोठून आणता, असे विचारता त्याने फडके खांद्यावर टाकले व म्हणाला, "ढूँढने से मिल जाता है, नहीं तो बना लेते हैं. ढूँढना चाहिए बस."

सौ.नी आमच्याकडे पाहिले. आम्ही एमजीकडे पाहत राहिलो.

आता ती जावा.

आमचे वडील, अण्णा, पशुवैद्यकीय खात्यात होते. सांवेर, देपालपूर, हातोद या बाजूची खेडी त्यांच्याकडे असत. 1966 साली त्यांनी जावा घेतली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून या गाड्या निघू लागल्या होत्या. मूळ घराणे झेकोस्लोव्हाकियाचे, आणि नाव यानेचेक या कारखानदाराच्या व वाँडरर या जर्मन गाडीच्या आद्याक्षरांवरून पडलेले. अण्णांना हे ठाऊक नव्हते. त्यांना एवढे ठाऊक होते की, एकाच सिलिंडरची गाडी असून तिला नळ्या दोन आहेत, पेट्रोलात ऑईल मापून घालावे लागते, आणि जो गिअरचा दांडा तोच आत दाबून वर फिरवला की किक होतो. ही शेवटची करामत ते पाहुण्यांना आवर्जून दाखवत. तांबडा रंग, चकचकीत टाकी, टाकीला दोन्ही बाजूंनी गुडघे टेकवायला रबर. पावसाळ्यात रात्री-अपरात्री एखाद्या गावाहून निरोप येई की म्हैस अडली आहे. मग रामबागेतल्या आमच्या वाड्याच्या दारात तो ढुब्-ढुब् आवाज उठे आणि आई अंथरुणात उठून बसे. पहाटे तोच आवाज दुरून ऐकू आला की ती पुन्हा आडवी होई. आम्ही भावंडांनी घड्याळ वाचण्याआधी तो आवाज वाचायला शिकलो.

1998 साली अण्णांना चक्कर येऊ लागली. निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती, तरी रोज ते गाडीवरून मंडईत जात. त्याच सुमारास गाडीचे कॉन्टॅक्ट पॉइंट गेले. मिस्त्रीने नवे आणून देतो म्हणून सांगितले. आम्ही त्यास बाजूला घेऊन आणू नका म्हटले, आणि घरी येऊन अण्णांना सांगितले की, म्हैसूरचा कारखाना 1996 सालीच बंद झाला, आता हा भाग मिळत नाही. कारखान्याची गोष्ट खरी होती, दुसरी खोटी. बंद कारखान्याच्या गाडीचे भागही बाजारात वर्षानुवर्षे मिळत असतात, हे अण्णांना कळत नसेल असे आम्ही धरून चाललो. ते "बरं" एवढेच म्हणाले. नंतर अकरा वर्षे, म्हणजे 2009 साली ते गेले तोपर्यंत, दर रविवारी सकाळी ते गाडी ओसरीवर पुसत असत. चालवण्याविषयी पुन्हा शब्द काढला नाही.

त्यांची ट्रंक आवरताना सौ.ना तपकिरीच्या डबीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला पॉइंटांचा कोरा संच सापडला. तो केव्हा आणला, कोणाकडून मागवला, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. एवढे मात्र कळले की आमचे बोलणे त्यांनी तपासून पाहिले होते आणि मग गप्प राहिले होते.

एरवी शाळेत खोटे बोलणाऱ्या मुलास आम्ही कारण विचारल्यावाचून सोडत नाही. आमच्या स्वतःच्या बाबतीत कारण चांगले होते, हेही आम्ही जाणतो. त्यांस चालवू देणे धोक्याचेच होते. पण "अण्णा, आम्हांस भीती वाटते" असे सरळ म्हणता आले असते. ते म्हटले नाही.

यंदा वाडा पाडावयाचा ठरला आहे. पुण्याहून धाकट्या बंधूंचा दूरध्वनी आला होता की, जावेला एक हौशी गिऱ्हाईक आले आहे, किंमत बरी देतो, पण गाडी कापून तिचा नव्या तऱ्हेचा साज करणार आहे. "दादा, नाहीतर भंगारात जाईल. तुमच्या फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे?" प्रश्न वाजवी होता. आम्ही उत्तर देण्याचे टाळून उदयपुरास निघून आलो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

परत येताना गाडीत आम्ही नियमांचा विचार करत होतो. 2021 साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांचे निराळे नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, पुढे नूतनीकरणास पाच हजार. आधीच नोंदलेल्या वाहनास आपला जुना क्रमांकही राखता येतो. अट अशी की, असे वाहन रोजच्या वापरात किंवा धंद्यात आणावयाचे नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतेच ते रस्त्यावर यावे. नियम समंजस आहे. तरी आम्हांस जरा हसू आले. जी गाडी अर्धे आयुष्य शेणा-चिखलातून अडलेल्या म्हशींपर्यंत धावली, ती आता सरकारच्या लेखी राजकुमार होणार आणि सांवेरच्या रस्त्याला लागली तर गुन्हेगार. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगावी एकत्र जमतात, त्या दिवशी मात्र तिला उजळ माथ्याने बाहेर पडता येईल.

इंदुरास उतरल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच मिस्त्रीच्या दुकानी गेलो. आता त्याचा मुलगा बसतो. वाड्यावर येऊन त्याने जावा उलटसुलट पाहिली, टाकीत गंज आहे, कार्ब्युरेटर जाम आहे, तारा उंदरांनी खाल्ल्या आहेत, असे एकेक सांगितले, आणि शेवटी म्हणाला की, इंजिन मात्र फिरते आहे. सौ.नी तपकिरीची डबी त्याच्या हातावर ठेवली. त्याने पॉइंट कागदातून काढून उजेडात धरले व म्हणाला, "सर, ये तो ओरिजिनल है. कहाँ से मिला?"

बंधूंना आम्ही त्याच रात्री दूरध्वनी केला. डबीची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. 1998 ची तर नव्हतीच. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "वारसांच्या सह्या लागतील ना नावावर करायला? मी येतो." गिऱ्हाइकाचे काय केले ते आम्ही विचारले नाही.

गाडी सध्या मिस्त्रीकडे आहे. नव्या घराच्या जिन्याखाली पाण्याच्या मोटारीशेजारी सात फुटांची जागा आहे. जावा तेथे मावते की नाही हे पाहण्यासाठी सौ.नी काल शाळेतून मोजपट्टी आणावयास सांगितली होती. ती आम्ही विसरलो, उद्या आणतो.