काकडीची धावपट्टी आणि वैमानिकाचे कसब

17 एप्रिल 2019 च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईकडे निघाले आणि शेकडो वैमानिक बेकार झाले. 2012 मध्ये किंगफिशरच्या वैमानिकांवर हीच वेळ आली होती, 2023 मध्ये गो फर्स्टच्या वैमानिकांवर आली. 2019 च्याच जानेवारीत कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरने पन्नास आसनी एम्ब्राएर 145 जेटची उड्डाणे सुरू केली होती. बोईंग चालवलेल्या माणसाने अशा नव्या प्रादेशिक कंपनीत जावे का? आमच्या व्यवसायात अनेकांना ती पदावनती वाटते. मला ती तशी वाटत नाही. वैमानिकाची खरी कमाई विमानाच्या आकारात नसते, ती हाताच्या सवयीत आणि निर्णयाच्या अचूकतेत असते, आणि घरी बसून दोन्ही झिजतात. नव्वद दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन लँडिंग हवीत, हा नियम त्यासाठीच आहे. सिम्युलेटरवर हा आकडा भरून निघतो, पण पालटणारा वारा, धुरकट क्षितिज आणि मागे बसलेले प्रवासी यांचा सराव प्रत्यक्ष उड्डाणातच होतो.

प्रादेशिक उड्डाण किती कस पाहते, हे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात दिसते. काकडी इथला शिर्डी विमानतळ 1 ऑक्टोबर 2017 रोजी सुरू झाला. त्याची धावपट्टी अडीच हजार मीटरची. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. 2019 मध्ये इथे रात्री उतरण्याची सोय नव्हती आणि त्या नोव्हेंबरात दृश्यमानता खालावल्याने विमानसेवा अनेक दिवस बंद राहिली. जेट बंद पडल्यावर बाराच दिवसांनी, 29 एप्रिलला, दिल्लीहून आलेले एक बोईंग 737 याच धावपट्टीच्या पुढे निघून गेले. अशा ठिकाणी टचडाऊन लांबले की उरलेली धावपट्टी झपाट्याने संपते. ॲप्रोच स्थिर नसेल तर वेळीच गो-अराउंड घ्यावा लागतो. लांब पल्ल्याचा वैमानिक आठवड्यात मोजकीच लँडिंग करतो, छोट्या सेक्टरवरचा एका दिवसात तीन-चार. कसबाच्या दृष्टीने ही बढतीच आहे.

यावर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. पहिला पगाराचा: छोट्या कंपनीत तो बहुधा कमी असतो आणि घराचे हप्ते कंपनी बुडाली म्हणून थांबत नाहीत. दुसरा टाइप रेटिंगचा: 737 चे रेटिंग एम्ब्राएर किंवा एटीआरवर चालत नाही. नवे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्याच्या खर्चापोटी बाँड लिहून द्यावा लागू शकतो. तिसरा सर्वांत गंभीर: छोटी कंपनीही बंद पडू शकते. जळगावला बीचक्राफ्ट विमाने आणणारी एअर डेक्कन 2020 मध्ये थांबली, नांदेड-कोल्हापूरला जोडणारी ट्रूजेट 2022 मध्ये. उडान योजनेतले अनुदान एका मार्गाला तीन वर्षांपुरतेच मिळते; त्यानंतर मार्गाला स्वतःच्या तिकिटांवर जगावे लागते. पण या आक्षेपांवरून घरी थांबावे असे ठरत नाही, करार नीट वाचावा एवढेच ठरते. रेटिंगचा खर्च कोणाचा, कंपनी बंद पडल्यास बाँड संपतो का, कमांड किती तासांनी आणि कोणत्या अटीवर, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्यावे. मोठी कंपनी बुडत नाही हा समज तर जेटनेच मोडला. सव्वीस वर्षे उडालेली ती कंपनी, आणि 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. तिच्या पुनरुज्जीवनाची वाट पाहण्यात गेलेली वर्षे कोणाच्याही लॉगबुकात जमा झाली नाहीत.

मोठ्या कंपनीचे बोलावणे येताच हा माणूस निघून जाईल, ही छोट्या कंपनीची भीतीही रास्त आहे. तिथे जाणाऱ्याने किती काळ राहणार हे प्रामाणिकपणे सांगावे आणि तेवढा काळ मनापासून उडावे. शिर्डी, नांदेड, कोल्हापूरचा प्रवासी मुंबईच्या प्रवाशाइतक्याच विश्वासाने आसनाचा पट्टा बांधतो. म्हणून बेकार झालेल्या वैमानिक मित्रांना माझे सांगणे एवढेच: करार पारखून घ्या, पण विमान लहान आहे म्हणून कॉकपिट नाकारू नका.