नवे कापड गोधडीला चालत नाही

बंगळुरात गोधडी शिवायची तर सगळे मिळते; जुने सुती कापड तेवढे मिळत नाही. चिकपेटच्या गल्ल्यांत दाभणापासून बारीक सुईपर्यंत, अस्तरापासून रिळांपर्यंत हवे ते घ्या. क्विल्ट शिकवणारेही इथे आहेत. मी दोन महिने शिकले. नवे कापड धुऊन, इस्त्री करून, पट्टीने मापून कापायचे. पाव इंच शिवण धरून तुकडे जोडले की एक ब्लॉक होतो. नऊ चौकोनांचा 'नाइन पॅच', मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या वाढवत नेल्या की 'लॉग केबिन'. ब्लॉक जोडून वरचा थर, मध्ये कापूस, खाली अस्तर. काम नेटके आणि मन रमवणारे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्का बागलकोटकडच्या. गोधडीला त्या कौदी म्हणतात. माझ्या क्विल्टवरून हात फिरवून त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "छान आहे. पण हे अजून कुणी नेसलेलं नाही."

गोधडीचा हिशेबच वेगळा. तिच्यात वेगळा कापूस नसतो. विरलेली लुगडी एकावर एक अंथरली की तेच भरण. वर चिंध्या मांडायच्या आणि सगळे थर एकदम धावदोऱ्यात धरत काठाकडून मध्याकडे यायचे. चिंधीचा आकार पट्टी ठरवत नाही. चोळीचा जेवढा भाग झिजायचा राहिला, तेवढी चिंधी. दोराही सुतीच हवा. तो कापडापेक्षा चिवट असला तर कापड टाक्यापाशी फाटते.

अक्कांनी माझे कपाट उपसले. शंका येईल त्या कपड्याचा धागा ओढून काडी लावायची: सुती असेल तर कागदासारखा वास आणि राख, पॉलिएस्टर असेल तर वितळून टणक मणी. मणीच जास्त निघाले. घरात खरे जुने सूत म्हणजे आईची दोन इरकली लुगडी.

आई सांगलीची. इरकल आमचेच, असे मी धरून चालले होते. अक्कांनी तांबड्या पदरावरचे पांढरे पट्टे पाहिले, पदर लुगड्याला जोडणारी वळ्यांची ओळ बोटाने चाचपली आणि गावाचे नाव सांगितले: इळकल. त्यांच्याच जिल्ह्यातले. आईच्या चोळीचा खण गुळेदगुड्डचा, तेही तिथलेच. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका 'कवंदी' शिवतात. चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची 'फुले' लावल्याखेरीज ती त्यांच्या लेखी पुरी होत नाही. गोधडी, कौदी, कवंदी: हे कापड भाषांच्या सीमा फारशा मानत नाही.

बहीण फोनवर म्हणाली, "आईच्या लुगड्याला कात्री लावू नकोस." तिचे चूक नव्हते. पण ट्रंकेत एकाच घडीवर पडून दोन्ही लुगडी त्या रेघेवर चिरू लागली होती. जपून ठेवल्यानेही कापड जातेच, फक्त कुणाच्या अंगावर न जाता जाते. शेवटी त्यातल्या त्यात धड होते ते अख्खे तिला पाठवले आणि दुसऱ्याला मी कात्री लावली.

टाके घालायला तीन महिने लागले. शेवटी मध्यावर वीतभर जागा उरली. आई म्हणायची, गोधडीचे पोट रिकामे ठेवू नये. ती तिथे भाकरीचा तुकडा ठेवून मग शिवून घ्यायची. अक्कांना हे सांगावे लागले नाही. ज्वारीची भाकरी घरात नव्हती, तेव्हा नाचणीची चालली.

दिवाळीत बहीण आली. तिने गोधडीविषयी एक शब्द काढला नाही, रात्री मात्र तीच ओढून घेतली. सकाळी घडी घालताना एका तुकड्यापाशी थांबली. लुगड्यावर पूर्वीचे, निळ्या दोऱ्याचे रफू होते.

"हे आईच्या हातचं," ती म्हणाली, आणि घडी तो तुकडा वर राहील अशी घातली.