नाचणे हा गुन्हा होता तेव्हा

१/ क्वीअर समाजाच्या लढ्याचा विषय निघाला की आपण थेट न्यूयॉर्क गाठतो. २८ जून १९६९ च्या पहाटे स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांचा छापा पडला आणि जमलेल्यांनी निमूट पांगण्यास नकार दिला. ती जागा त्यांना प्रिय होती, कारण तिथे दोन पुरुषांना एकत्र नाचता येत असे. नाच आणि प्रतिकार यांचे हे नाते आपल्याकडील कायद्यांतही सापडते.

२/ १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा भटक्या-विमुक्तांच्या इतिहासामुळे आपणांस परिचित आहे. त्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांविषयी होता. संशयितांची नावे नोंदवहीत चढवायची. नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेशात रस्त्यावर दिसली किंवा नाचली, तर वॉरंटाविना अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद.

३/ याच धर्तीचा कायदा निजामाच्या हैदराबाद संस्थानाने १३२९ फसली, म्हणजे १९१९ साली केला. नोंदवही प्रामुख्याने हैदराबाद शहरापुरती होती. पण आपले औरंगाबाद तेव्हा त्याच संस्थानात होते.

४/ चोरीला शिक्षा असणे समजू शकते. नाचाला का? बधाईचा नाच हे गुरू-चेल्यांच्या घराण्यांचे उपजीविकेचे साधन होते, आणि समाजासमोर उभे राहण्याचा त्यांचा हक्कही. नाच थांबला की चूल विझते आणि माणसे विखुरतात. कायदा करणाऱ्यांना हे नेमके कळले होते.

५/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. दरवर्षी आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. तो कायदा मात्र तेलंगणात कागदोपत्री जिवंत राहिला. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला जुलै २०२३ मध्ये. मुक्तीची तारीख सर्वांसाठी एकच नसते.

६/ मी हे अभ्यासक म्हणून लिहितो, पण केवळ अभ्यासक म्हणून नाही. माझ्याविषयी घरी अद्याप ठाऊक नाही. आम्हां पाच-सहा जणांचा क्लब म्हणजे एका मित्राची खोली : पडदे ओढलेले, आवाज शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही इतका. संस्थान गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशावर मी मनमुराद नाचतो आणि कोणी काही विचारत नाही. परंतु तिथे मी गर्दीतला एक असतो; खोलीत मी मी असतो. सप्टेंबर २०१८ मध्ये कलम ३७७ विषयीचा निकाल आला, त्या रात्रीही आम्ही नाचलो. पडदे ओढलेलेच होते.

७/ मित्रहो, जुने कायदे वाचताना मनाईची कलमे विशेष लक्षपूर्वक वाचा. कोणी करीतच नाही अशा गोष्टीवर सरकार बंदी घालत नाही. ज्यांची नावे त्या नोंदवह्यांत चढली, त्यांनी आपले म्हणणे क्वचितच लिहून ठेवले. त्यांच्याविरुद्ध लिहिलेले ते कलमच आज सांगते, की ते नाचत होते.