सतरा नंबर

रात्री अडीचला कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला, तेव्हा मला नोकरीत तीन वर्षं झाली होती. म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचे दिवस. पडद्यावर ‘एक्झॉस्ट स्प्रेड हाय’. 17 नंबरचा थर्मोकपल बाकीच्यांपेक्षा 45 अंश कमी दाखवत होता. सेन्सर गेला, असं मी बसल्या जागी ठरवलं आणि त्याचं रीडिंग सरासरीइतकं फोर्स केलं. साध्या मराठीत, मशीनला खोटं सांगितलं. अलार्म गप्प झाला. सकाळच्या शिफ्टला तोंडी निरोप दिला, “सतरा खराब आहे.” रजिस्टरमध्ये नोंद केली नाही.

गॅस टर्बाइनमध्ये पात्यांपाशी नेमकं किती तापमान आहे, हे थेट मोजत नाहीत. ज्योतीच्या गाभ्यात ते 2000 अंश सेल्सियसच्या आसपास असतं. कॉम्प्रेसरची जादा हवा मिसळून आमच्या मशीनमध्ये ते पहिल्या पात्यांपाशी साधारण 1100 वर यायचं. तिथं सेन्सर टिकणार कसा? म्हणून टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या, साडेपाचशेपर्यंत उतरलेल्या वायूचं तापमान 24 थर्मोकपल मोजतात आणि त्यावरून आतला अंदाज बांधायचा. चुलीत न डोकावता धुराड्यावरून जाळ ओळखण्यातला प्रकार.

सेन्सर बिघडला तर तो एकटाच खाली येतो. आत खरंच थंड पट्टा असेल तर शेजारचेही थोडेफार ओढले जातात. त्या रात्री 16 आणि 18, दोन्ही वीस-वीस अंशांनी खाली होते. मी ते पाहिले होते. पाहून सोडून दिले होते. मनात एक आडाखा असा की, थंडच आहे ना, गरम तर नाही! पण लोड तेवढाच ठेवायचा तर 14 कॅनपैकी, म्हणजे ज्वलनकक्षांपैकी, एकाचं कमी पडलेलं इंधन उरलेल्या 13 जणांत वाटलं जातं. थंड दिसणारा कॅन बाकीच्यांना भाजत असतो. शिवाय मिनिटाला 3000 फेरे घेणारं पातं त्या थंड पट्ट्यातून सेकंदाला 50 वेळा जातं.

नवव्या दिवशी 16 आणि 18 आणखी घसरले आणि ऐन संध्याकाळच्या मागणीत मशीन ट्रिप झालं. मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर फोर्स काढून टाकला.

मग दुसरी चूक. 17 नंबरच्या बरोबर समोरचा कॅन उघडायला लावला. नोझल लख्ख. अख्खा दिवस त्यात गेला. आमचे जुने फिटर मामा हात पुसत म्हणाले, “साहेब, वारा पात्यांतून सरळ येतो होय?” पात्यांतून जाताना वायूला पीळ बसतो, थंड पट्टा सरकून भलतीकडे उमटतो, आणि किती सरकेल ते लोडवर ठरतं. हे परीक्षेत मी लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. दोन कॅन पलीकडे नोझलच्या भोकांत गंजाची भुकटी बसलेली सापडली. शेजारच्या दोन कॅनचे लायनर तडकले होते.

अहवालात कारण लिहिलं गेलं, ‘गॅस लाइनमधील कचरा’. मी त्याखाली सही केली.

17 नंबरचा थर्मोकपल काढून तपासला. तो अचूक होता. तोच परत बसवला.