चॉकलेटच्या गावची लोखंडी जत्रा

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचे गाव आहे. गाव कसले, चॉकलेटचे संस्थानच म्हणा ना! हमरस्त्यावरच्या दिव्यांनासुद्धा चॉकलेटच्या गोळीचा आकार. काही कागदात गुंडाळलेल्या, काही उघड्या. पण दर ऑक्टोबरात येथे जत्रा भरते ती जुन्या मोटारींची, १९५५ सालापासून. मैदानभर पथाऱ्या, आणि त्यांवर भोंगे, कंदील, चाके, गंजके नट. आपला चोरबाजार यापुढे वाण्याचे दुकान वाटावा!

आमचे जावईबापू या विषयातले दर्दी. एका वृद्ध बाईंच्या पथारीपाशी ते थबकले. फळीवर इंजिनाचे पांढुरके धूड होते. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढला. बाहेरून तो चिकटेना. आतल्या नळकांड्यांना मात्र घट्ट बसला. म्हणजे ब्लॉक ॲल्युमिनियमचा, अस्तर बिडाचे.

शेवर्ले कंपनीच्या १९६९ च्या ‘झेडएल-१’ इंजिनाची हीच ठेवण. ४२७ घनइंचांचे हे इंजिन शर्यतीसाठीच जन्मलेले. ते बसवलेल्या कॅमेरो गाड्या निघाल्या अवघ्या ६९. इंजिनापायीच किंमत चार हजार डॉलरांनी चढे, त्यामुळे तेव्हा गिऱ्हाईक फिरकत नसे. ज्या विक्रेत्याने ५० मागवल्या, त्याला बऱ्याचशा परत कराव्या लागल्या. आज त्याच गाड्यांसाठी लिलावात झुंबड उडते.

बाईंनी ओतीव बर्फफुलाच्या चिन्हावर बोट ठेवले. ओहायोतल्या विंटर्स ओतशाळेची ती खूण. पण तिच्यावर भुलू नये. त्या ओतशाळेच्या साध्यासुध्या भागांवरही ती असते. खरा साक्षीदार ओतीव आकडा : ३९४६०५२. तो होता! पुढची ठशाची सपाट जागा मात्र कोरी. तेथे गाडीचा क्रमांक असता तर ब्लॉक त्या ६९ पैकी एकीचा ठरला असता, आणि मोल कुठच्या कुठे गेले असते. म्हणून तर काही बहाद्दर ती जागा घासून नवे आकडे ठोकतात! कोरी जागा निदान प्रामाणिक. असे ब्लॉक सुटेही विकले जात.

बाईंना घराचे छप्पर करायचे होते. शेजाऱ्याने सांगितले होते, हा ६९ पैकीच. जावईबापूंनी खरे ते सांगितले. शिवाय कुशीला झाळलेले ठिगळ होते. कधीकाळी कनेक्टिंग रॉड तुटून आरपार गेलेला.

“ते ह्यांनीच झाळलं,” बाई म्हणाल्या. “रात्रभर दिवा मी धरला होता.”

शेजारचा दलाल तेवढ्यात वजनावर भाव सांगू लागला. मला त्याचा रागच आला. जावईबापू म्हणाले, “घाई करू नका. आधी आत दाबाने पाणी भरून गळती तपासून घ्या. ठिगळ टिकलं असेल तर घेणारे आहेत, मीसुद्धा आहे.” आणि त्यांनी आपला पत्ता लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी पाहिले तर पथारीवर भोंगे होते, कार्ब्युरेटर होते. ब्लॉक मागे गाडीत, गोधडीत गुंडाळून ठेवलेला.