खंदकातली भूक आणि रंगमंच

युद्धनाटक म्हटले की आपल्यापुढे प्रथम वीररस उभा राहतो : चढा स्वर, तलवारी, पडद्यामागच्या घोषणा. आर. सी. शेरिफच्या 'जर्नीज एन्ड' (१९२८) या नाटकात यांपैकी जवळजवळ काहीच नाही. मार्च १९१८, सेंट क्वेंटिनसमोरचे खंदक, जमिनीखालची एक कोंदट खोली आणि जर्मन हल्ल्याची वाट पाहणारे काही अधिकारी. सुपात मिरपूड नाही, ही तक्रार येथे गंभीरपणे होते. धाडीवर निघताना ऑस्बॉर्न अंगठी आणि घड्याळ काढून ठेवतो. तो परतत नाही. त्या रात्री उरलेले अधिकारी मात्र कोंबडी आणि शॅम्पेनवर जेवतात. ऑस्बॉर्नचा मृत्यू रंगमंचाबाहेर घडतो, त्याची किंमत या जेवणात कळते.

ही संहिता शिकवताना मला पानिपत आठवते. १७६०च्या नोव्हेंबरपासून मराठी फौज खंदकाआड होती. तो खंदक फ्रान्समधल्या खंदकांसारखा नव्हे, साऱ्या छावणीभोवतीचा होता. वाट पाहणे आणि उपासमार मात्र तीच. दोन दिवस अन्न नाही, तेव्हा लढूनच मरू, असे सरदारांनी भाऊसाहेबांना सांगितल्याचे काशीराज पंडिताच्या वृत्तान्तात आहे. १४ जानेवारी १७६१ची लढाई या भुकेतून निघाली. नाटककारांना मोह पडतो तो विश्वासरावांना लागलेल्या गोळीचा. ती दाखवणे सोपे आहे. अडीच महिन्यांची भूक दाखवायला निराळा नाट्यावकाश लागतो.

फर्दापूरला मुक्काम करून आम्ही विद्यार्थ्यांसह अजिंठा पाहिला. सतराव्या लेण्यातल्या सिंहलावदानाच्या पटातील हत्ती, घोडे, भाले यांची गर्दी पाहून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, यांना जेवायला कोण घालत होतं?" नाट्यशास्त्राच्या माझ्या साऱ्या टिपणांहून हा प्रश्न मोलाचा वाटला.

खंदकयुद्धाचा आपल्या माणसांचा अनुभव तर त्याहून जवळचा आहे. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ मेसोपोटेमियातील कुत येथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली. तीत मराठा पलटणी होत्या. शिधा संपत आला, तेव्हा घोड्याचे मांस खावे की नाही, हा पेच हिंदी शिपायांपुढे पडला. शेरिफच्या मिरपुडीइतकीच ही गोष्ट घरगुती, आणि कितीतरी क्रूर. येथे तोफेचा आवाजही लागणार नाही. एक थाळी आणि तिच्याकडे पाहणारे दोघे पुरतील. त्यांनी कोणत्या बोलीत बोलावे, हे मात्र आधी ठरवावे लागेल, कारण या पलटणींत कोकणातले आणि देशावरचे असे दोन्हीकडचे शिपाई होते.